माईकवरचं माणूस

३ फेब्रुवारी २०२५ला मुंबईतल्या विजेच्या लोकलला शंभर वर्षं झाली. व्हीटी ते कुर्ला धावलेल्या पहिल्या गाडीवर भरभरून लिहिलं गेलं. स्टेशनात माईकपुढे बसणाऱ्यांबद्दल मात्र मला कुठं ओळही दिसली नाही. मुळशी-मावळातल्या माणसाला हे लागतं, कारण इथल्या कितीतरी घरांची चूल मुंबईत जेवणाचे डबे पोचवण्यावर पेटली.

महादू हावजी बच्चे यांनी १८९०च्या सुमारास हा धंदा सुरू केला. मधला काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला, तो सोडून देतो. नव्वदचं दशक मी स्वतः काढलं, चुलत्यांच्या हाताखाली. दादरला गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात डब्यांचा क्रेट लगेजमध्ये चढवायचा. ऐनवेळी फलाट बदलला की डोक्यावर ओझं घेऊन पूल चढायचा, आणि तिकडे कुणाचं तरी जेवण लांबायचं. म्हणून आमचा एक कान कायम भोंग्याकडे. पावसाळ्यात तर माईकवरच्या बाई काय सांगतात यावर सगळी लाईन हलायची: सायनला पाणी भरलंय, धीम्या गाड्या जलद मार्गावर घेतल्यात. एकच गोष्ट त्या घसा बसेपर्यंत सांगत. त्यांच्या आवाजावरून चुलते ओळखायचे, थांबायचं की दुसरी वाट धरायची.

पुढे ध्वनिमुद्रित घोषणा आल्या. त्यांतला सरला चौधरींचा आवाज देशभर पोचला. त्याही १९८२ साली माईकपुढे बसूनच या कामाला लागल्या होत्या. २००७पासून नव्या लोकलमध्ये जीपीएसवर चालणारी घोषणा आली. पुढचं स्टेशन तीन भाषांत कळू लागलं. नवख्या माणसाची आणि डोळ्यांनी अधू प्रवाशाची त्यानं मोठी सोय झाली, ती काढून घ्यावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण यंत्राचा मेळ चुकला की माटुंग्याला दादर पुकारलं जातं, तेही तितक्याच ठाम आवाजात. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली, तर डब्यात कुणी काही सांगत नाही. माणसं मोबाईलवर अफवा वाचतात आणि रुळांवर उड्या टाकतात. हे जिवावरचं आहे.

स्टेशनांची नावं यंत्रानं खुशाल घ्यावीत. गाडी पाच मिनिटांहून जास्त खोळंबली, तर गार्डानं माईक उचलून कारण सांगावं आणि उतरू नका म्हणावं. रेल्वेनं एवढं सक्तीचं करावं.