साथीच्या वादांतील कालनिर्णय : वाशीम जिल्ह्यांतील एक प्रकरण

वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट उजेडांत आल्यावर वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथें नांदत होती हें निश्चित झालें. त्याच जिल्ह्यांत कारंजें येथील जैन भांडारांत संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश पोथ्यांचा जो संग्रह आहे तो संशोधकांस सुपरिचित आहे. अशा जिल्ह्याविषयीं लिहितांना जुन्या लेखांकडे लक्ष जाणें स्वाभाविक होय. परंतु प्रस्तुत टिपणाचा विषय अगदीं अलीकडचा, म्हणजे इ. स. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीचा आहे. विषय नवा असला तरी त्यांतील प्रश्न संशोधकांच्या नेहमींच्या परिचयाचा आहे. एक गोष्ट दुसरीच्या आधीं घडली कीं नंतर, हें ठरविल्याशिवाय एकीस दुसरीचें कारण म्हणतां येईल काय, हा तो प्रश्न होय.

प्रथम प्रकरणाची हकीकत देतों. महाराष्ट्रांत ह्या रोगाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास आढळले. १३ मार्च रोजीं राज्य सरकारनें इ. स. १८९७ चा साथरोग कायदा लागू केला व दुसऱ्या दिवशीं त्याखालील नियम प्रसिद्ध केले. २५ मार्चपासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें तीर्थक्षेत्र. संत सेवालाल महाराजांची समाधि व जगदंबेचें देऊळ तेथें असून रामनवमीस मोठी यात्रा भरते. त्या वर्षीं रामनवमी टाळेबंदींत आली व यात्रा भरूं शकली नाहीं. पुढें देवळें उघडावीं कीं नाहीं ह्यावरून राज्यभर वाद माजला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनीं १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांस ह्याविषयीं पत्र लिहिलें. मुख्यमंत्र्यांनीं दुसऱ्याच दिवशीं त्यास उत्तर दिलें. अखेर १६ नोव्हेंबर रोजीं, दिवाळीच्या पाडव्यास, देवळें उघडलीं. शाळांचे नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून व पांचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली.

फेब्रुवारी २०२१ मध्यें विदर्भांत, विशेषतः अमरावती व यवतमाळ ह्या भागांत, रोगानें पुन्हा डोकें वर काढलें. २१ फेब्रुवारी रोजीं मुख्यमंत्र्यांनीं जनतेस उद्देशून भाषण केलें. राजकीय, धार्मिक व सामाजिक स्वरूपाच्या गर्दीच्या कार्यक्रमांस त्यांनीं बंदी जाहीर केली व ‘मी जबाबदार’ ही मोहीम पुकारली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर ह्या शहरांत आठवड्याची टाळेबंदी सुरू झाली. त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, २३ फेब्रुवारी रोजीं, त्या वेळचे वनमंत्री संजय राठोड हे पोहरादेवीस आले. एका मृत्युप्रकरणावरून विरोधी पक्षांनीं त्यांच्यावर आरोप केले होते, ते त्यांनीं नाकारले. त्या प्रकरणाशीं प्रस्तुत लेखास कर्तव्य नाहीं. ह्या प्रसंगीं पोहरादेवीस हजारों लोक जमले, एवढेंच येथें लक्षांत घ्यावयाचें. मुख्यमंत्र्यांनीं कारवाईचे आदेश दिले व पोलिसांनीं गुन्हे नोंदविले. जो नियम सामान्य माणसास तोच मंत्र्यास कां नसावा, असा विरोधकांचा प्रश्न होता. लोक आपण होऊन आले, असा समर्थकांचा बचाव होता.

त्याच आठवड्यांत, २५ फेब्रुवारीच्या सुमारास, रिसोड तालुक्यांतील देगांव येथील एका निवासी शाळेंत २२९ विद्यार्थ्यांस बाधा झाल्याचें वृत्त देशभर पसरलें. पोहरादेवी येथील एका महंतांस व आणखी कांहीं जणांस बाधा झाल्याचेंही त्याच दिवसांत जाहीर झालें. हीं दोन्ही वृत्तें गर्दीच्या वृत्तापाठोपाठ आलीं. वाचणाऱ्याच्या मनांत तिन्हींची एक सांखळी सहज तयार होते : गर्दी जमली, रोग पसरला, शाळेंतलीं मुलें आजारी पडलीं. ही सांखळी कितपत टिकते तें आतां पाहूं.

ह्या रोगाचा विषाणु शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत सामान्यतः दोन ते चौदा दिवस लागतात. बहुतेकांस पांच-सहा दिवस लागतात. नमुना तपासून निकाल हातीं येण्यासही वेळ मोडतो. तेव्हां २५ तारखेच्या सुमारास ज्यांचे निकाल जाहीर झाले त्यांस २३ तारखेच्या गर्दींत बाधा झाली असणें कालदृष्ट्या जवळजवळ अशक्य आहे. शिवाय देगांव रिसोड तालुक्यांत, पोहरादेवी मानोरा तालुक्यांत. देगांवच्या शाळेंतील पुष्कळ मुलें अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतून आलेलीं होतीं, म्हणजे जेथें साथ आधींच वाढली होती तेथून आलेलीं. यावरून शाळेंतील साथ ही गर्दीचें फळ नसून गर्दीपूर्वींच जिल्ह्यांत पोंचलेल्या रोगाची खूण होती, असेंच अनुमान निघतें. महंतांच्या बाबतींतही तोच हिशेब लागू पडतो. परंतु तेथें त्याचा अर्थ उलटा होतो. त्यांस बाधा आधींच झालेली असली तर गर्दीच्या दिवशीं रोग त्या स्थळीं हजर होता, व जमलेल्यांस तो जडण्याचा धोका खराच होता.

तात्पर्य, ह्या प्रकरणांत तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. आज्ञेचा भंग झाला काय? झाला, व तो उघड दिसला. त्या गर्दीनें रोग वाढला काय? संभव आहे. पण त्याचा पुरावा देगांवची शाळा नव्हे. तो पुढील दोन-चार आठवड्यांच्या गांववार व दिनांकवार नोंदींत शोधला पाहिजे. पोहरादेवीस अनेक जिल्ह्यांतून व परप्रांतांतूनही लोक येतात. म्हणून एकट्या वाशीम जिल्ह्याचे आंकडे ह्या कामास पुरणार नाहींत. ठिकठिकाणच्या तांड्यांच्या नोंदी पाहाव्या लागतील. तिसरा प्रश्न असा कीं, सरकारनें नियम सर्वांस सारखा लावला काय? त्याचें उत्तर रोगाच्या आंकड्यांत नसून गुन्ह्यांच्या नोंदींत व आदेशांच्या प्रतींत आहे. हे तीन प्रश्न एकत्र कालविले म्हणजे एका स्थळाचें, आणि पर्यायानें एका सबंध समाजाचें नांव अकारण डागाळतें. शिवाय शाळा केव्हां उघडाव्या, वसतिगृहांत मुलें कशीं ठेवावीं, हा जो सरकारला विचारावयाचा खरा प्रश्न, तो बाजूस राहतो.

असा गोंधळ महाराष्ट्रांत प्रथमच झाला असें नाहीं. जो कायदा २०२० सालीं लागू झाला त्याचा जन्मच अशा वादांत झाला आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोग कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारास वाटेल ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार दुसऱ्या कलमांत आहे. नियम मोडणाऱ्यास दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालीं शिक्षा तिसऱ्यांत होती. सद्हेतूनें केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यांवर दावा चालणार नाहीं, हें अभय चौथ्यांत आहे. पुण्यास रँडसाहेबांच्या समितीनें १३ मार्चपासून १९ मे १८९७ पर्यंत गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या घेतल्या. त्यापूर्वींच, १० मार्च रोजीं, रुग्णांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाई फुले यांस प्लेगनें मृत्यु आला होता.

ह्या झडत्यांविषयीं दोन तऱ्हेचीं साधनें उपलब्ध आहेत. एकीकडे समितीचा अहवाल व सरकारी पत्रव्यवहार आहे. दुसरीकडे ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुधारक’ इत्यादि पत्रांतील लेख व लोकांचे अर्ज आहेत. टिळकांनीं रोग्यास वेगळें ठेवण्याच्या उपायास विरोध केला नाहीं. उपायाच्या जुलमी रीतीस त्यांचा विरोध होता, व शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांसही त्यांनीं बोल लावले. उपाय व उपायाची रीति हा भेद ज्यास कळला नाहीं त्यास तो सारा वाद कळला नाहीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्याच प्रकरणांतील गोखल्यांची गोष्ट संशोधकांनीं सतत स्मरणांत ठेवण्यासारखी आहे. वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते विलायतेंत असतां पुण्याहून त्यांस पत्रें गेलीं. त्या पत्रांच्या आधारें जुलै १८९७ मध्यें त्यांनीं शिपायांवर स्त्रियांच्या विटंबनेचा गंभीर आरोप तेथील वृत्तपत्रांतून केला. मुंबईस परतल्यावर त्यांनीं चौकशी केली. तेव्हां पत्रें लिहिणारे पुरावा घेऊन पुढें येईनात. गोखल्यांनीं जाहीर माफी मागितली, व पत्रलेखकांचीं नांवें मात्र उघड केलीं नाहींत. सरकारपक्षानें ह्या माफीचा अर्थ झडत्यांत कांहींच वावगें झालें नाहीं असा लावला. तो अर्थ चुकीचा होता. एक आरोप सिद्ध झाला नाहीं म्हणजे इतर सर्व तक्रारी खोट्या ठरत नाहींत. उलट, इतर तक्रारी खऱ्या असल्या म्हणून तो आरोप खरा होत नाहीं. दरम्यान २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि साथीच्या व्यवस्थेचा मूळ वाद त्या धामधुमींत मागें पडला.

पुणें व पोहरादेवी ह्या दोन प्रकरणांची तुलना येथें केवळ पुराव्याच्या रीतीपुरती केली आहे. परक्या सरकारच्या सैनिकांनीं घरांत शिरणें आणि लोकांनीं निवडलेल्या मंत्र्यानें आपल्याच सरकारची आज्ञा न पाळणें ह्या गोष्टी एका मापानें मोजतां येणार नाहींत. परंतु दोन्हींत एक डोळ्यांत भरणारी घटना साऱ्या वादाचें प्रतीक होऊन बसली, आणि बाकीच्या कागदांकडे पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली, हें साम्य ध्यानांत धरण्याजोगें आहे.

आतां संग्राहकांस विनंति. १८९७ चा वाद आज पुन्हा तपासतां येतो, कारण दोन्ही पक्षांचे कागद राहिले आहेत. वाशीमच्या प्रकरणाचे राहतील काय? जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश पुष्कळदां कागदावर न राहतां भ्रमणध्वनीवरून फिरले. एकाच दिवशीं आदेश निघून त्याच सायंकाळीं दुरुस्त होण्याचेही प्रकार घडले. अशा आदेशाची प्रत मिळाल्यास तिचा जावक क्रमांक, दिनांक व ती कोणाकडून कोणत्या वेळीं आली हें तिजवरच नोंदून ठेवावें. प्रवासाचे परवाने, तपासणीचे दाखले, ग्रामपंचायतींचीं आवक-जावक पुस्तकें, ठरावांचीं बुकें, देवस्थानांच्या सूचना, जिल्ह्यापुरतीं निघणारीं वृत्तपत्रांचीं पानें, हीं सर्व अव्वल दर्जाचीं साधनें होत. यंत्रांतून निघालेल्या कांहीं चिठ्ठ्यांवरील अक्षर उष्णतेनें उमटविलेलें असतें. तें थोड्याच वर्षांत पुसट होतें. त्यांची नक्कल शाईनें करून मूळ चिठ्ठीसोबत ठेवावी. अफवांचे मजकूरही टाकून देऊं नयेत. लोक कशास भीत होते हें त्यांवरून कळतें. मात्र त्यांचें बासन निराळें बांधावें व त्यावर ‘अफवा’ असें स्पष्ट लिहावें. नाहींपेक्षां आणखी शंभर वर्षांनीं एखादा होतकरू अभ्यासक त्यासच बातमी समजेल. रुग्णांचीं व मृतांचीं नांवें असलेले कागद जपावेत, पण दाखवूं नयेत. घरच्या माणसांची अब्रू व दुःख ही संग्रहाची मालमत्ता नव्हे.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. वाशीम हा पूर्वीं वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून अकोला व यवतमाळ ह्या जिल्ह्यांत विभागला गेला व १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा वेगळा झाला. जिल्हे मोडतात व जुळतात तेव्हां दप्तरें या कचेरींतून त्या कचेरींत जातात, आणि जातांना रुमाल सुटतात. ह्या जिल्ह्यांतील कागद सरकारी कचेरीच्याच भरंवशावर सोडण्यापेक्षां गांवोगांवच्या वाचनालयांनीं व खासगी संग्राहकांनीं आपापल्या हद्दींतील एकेक प्रत वेळींच बाजूस काढावी, हें श्रेयस्कर.

कारंज्याच्या भांडारांतील जुन्या पोथ्या आज उपयोगी पडतात त्याचें एक कारण त्यांच्या शेवटीं नकलकारानें घातलेली तिथि होय. ग्रंथ कितीही उत्तम असला तरी तिथीवांचून त्याचा काळ अनुमानानेंच ठरवावा लागतो. साथीच्या वादांतही तेंच. पोहरादेवीची गर्दी २३ तारखेची व देगांवचें वृत्त २५ तारखेच्या सुमाराचें, हे दोन दिनांक शेजारीं शेजारीं मांडले असते तर त्या वेळच्या पुष्कळ बोलण्यास आळा बसला असता. ज्यांचे मंत्री त्या दिवशीं नियम मोडते झाले त्यांची जबाबदारी ह्यानें कमी होत नाहीं. परंतु देगांवच्या मुलांच्या आजाराचें खापर पोहरादेवीच्या यात्रेकरूंवर फोडणें अन्यायाचें ठरतें, आणि तें ह्या दोन तारखांवरूनच सिद्ध होतें. मानोरा व रिसोड ह्या तालुक्यांतील त्या महिन्याचे कागद ज्यांच्यापाशीं असतील त्यांनीं ते अवश्य जपावेत.