संशोधनसंस्थेंतील ई-मेल

संशोधनसंस्थेंत नवा संशोधक रुजू झाला कीं टेबल-खुर्चीबरोबर त्यास ई-मेलचा एक पत्ताही मिळतो. पत्रें मात्र त्याच्या टेबलावर येत नाहींत. तीं संस्थेच्या सर्व्हरवर सांठतात. तेथून तीं पाहण्याच्या पद्धती दोन, आणि चूक होते ती येथेंच. १९८४ सालची ‘पॉप’ पद्धति पत्रें उचलून आपल्या संगणकांत आणिते. प्रत मागें ठेवण्याची सूचना दिलेली नसल्यास सर्व्हरवरून तीं नाहींशीं होतात. घरच्या संगणकावर ही पद्धति नकळत निवडली, तर दुसरे दिवशीं कचेरींतील पेटी रिकामी! पुढें तो संगणक बिघडला, तर वर्षांचा पत्रव्यवहारही गेला.

१९८६ सालीं मार्क क्रिस्पिन यांनीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें ‘आयमॅप’ पद्धति रचिली. तींत पत्रें सर्व्हरवरच राहतात. कचेरी, घर वा खिशांतील फोन, कोठूनही तींच दिसतात. जोडणी करितांना हीच निवडावी. तिचा पोर्ट-क्रमांक बहुधा ९९३ असतो; पत्रें पाठविण्याचा मार्ग मात्र निराळा, त्याचा क्रमांक बहुधा ५८७. हा दुसरा भरावयाचा राहिला, म्हणजे पत्रें येतात, पण उत्तर कांहीं जात नाहीं.