दोन-दोन गुणांनी रचलेला विक्रम : हाझेम एल मसरी, चौदा हंगाम आणि एकच क्लब

आपल्या घरांत खेळ म्हटलं की क्रिकेट. फार तर फुटबॉल किंवा कबड्डी. रग्बी लीगचं नावही अनेकांनी ऐकलेलं नसतं. तरीसुद्धा हाझेम एल मसरी हे नाव आपल्या मुलांना माहीत असावं, असं आम्हाला वाटतं. लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरात १९७६ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी कुटुंबाबरोबर ऑस्ट्रेलियात आला. पुढे तिथल्या सर्वात मोठ्या स्पर्धेत सर्वाधिक गुणांचा विक्रम नावावर करूनच ते निवृत्त झाले. एकूण चौदा हंगाम खेळले, तेही एकाच क्लबकडून. हे कसं घडलं, ते आज नीट समजून घेऊ या.

आधी खेळ समजून घेऊ

रग्बी लीगमध्ये प्रत्येक संघाचे तेरा खेळाडू मैदानात असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण हाताने पास फक्त मागेच द्यायचा. समोरचे खेळाडू पळणाऱ्याला धरून खाली पाडतात. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, फक्त धावतं अंगावर येणारं वजन कितीतरी जास्त. सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो. त्याचे चार गुण. त्यानंतर एक किक मारायला मिळते. ती दोन उभ्या खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून गेली की आणखी दोन गुण. समोरच्यांनी नियम मोडला तर मिळणाऱ्या पेनल्टी किकचेही दोनच.

यातली मेख अशी की ट्राय जिथे झाला, त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन किक मारावी लागते. ट्राय खांबांच्या मध्ये झाला तर किक सोपी. कोपऱ्यात झाला तर किक थेट मैदानाच्या कडेवरून. तिथून ते दोन खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. हजारो लोक ओरडत असतात, आणि मारणारा एकटा असतो.

हिशोब मांडून बघा

एल मसरी विंगर होते, म्हणजे मैदानाच्या कडेने वेगात पळणारे खेळाडू. कॅंटरबरी-बॅंकस्टाउन बुलडॉग्ज या सिडनीच्या क्लबकडून त्यांनी १९९६ ते २००९ या काळात ३१७ सामने खेळले. त्यात १५९ ट्राय केले आणि ८९१ किक खांबांमधून पाठवल्या. मुलांना गणित घालायला छान उदाहरण आहे. १५९ गुणिले ४ म्हणजे ६३६. ८९१ गुणिले २ म्हणजे १७८२. बेरीज २४१८. हाच तो विक्रम.

म्हणजे दर चार गुणांमागे जवळपास तीन गुण किकने आलेत. आणि गंमत अशी, की सुरुवातीची वर्षं संघाच्या किक त्यांच्याकडे नव्हत्याच. तेव्हा डॅरिल हॅलिगन हे नावाजलेले किकर बुलडॉग्जमध्ये होते. ते २००० साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यात २०३४ गुण होते. इतके गुण तोवर कुणाचेच नव्हते. त्यांच्यानंतर ती जबाबदारी एल मसरींकडे आली. पाच हंगाम एका कसलेल्या माणसाचं काम जवळून पाहायला मिळणं, ही सुद्धा एक तालीमच. आपल्याकडे उस्तादाजवळ बसून हुनर शिकतात, तसंच.

ज्या वस्तीतून ते आले

बुलडॉग्जचं जुनं मैदान बेलमोर या उपनगरात आहे. एल मसरी शिकले ते सरकारी हायस्कूलही बेलमोरचंच. सुरुवातीला ते फुटबॉल खेळायचे, रग्बी लीगकडे नंतर वळले. बेलमोरच्या पुढचं रेल्वे स्टेशन लाकेम्बा. तिथली मोठी मशीद आणि आजूबाजूची लेबनीज वस्ती सिडनीत सगळ्यांना ठाऊक आहे. लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० असं यादवी युद्ध चाललं. त्या काळात हजारो कुटुंबं ऑस्ट्रेलियात आली आणि त्यातली बरीच याच भागात स्थिरावली.

नव्या देशात भाषा वेगळी, नाव वेगळं. त्यातच २००१ नंतर जगभर मुसलमानांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. डिसेंबर २००५ मध्ये तर सिडनीच्याच क्रोनुला किनाऱ्यावर जमावाने अरब वाटणाऱ्या लोकांना मारहाण केली. त्याच शहरात, त्याच वर्षांत, हाझेम नावाचा एक नमाजी माणूस दर आठवड्याला चेंडू ठेवून खांबांकडे बघायचा, आणि निळ्या-पांढऱ्या जर्सीतले सगळे, गोरे असोत की अरब, श्वास रोखून बसायचे. त्यांनी आपला धर्म कधी लपवला नाही. सामन्यानंतर बिअर हा जिथे रिवाज होता, तिथे दारूला हात न लावताही ते संघातले राहिले. चाहत्यांनी त्यांना 'एल मॅजिक' असं लाडाचं नाव दिलं होतं.

क्लब बुडाला तेव्हा

या कारकिर्दीचा खरा कस २००२ मध्ये लागला. ऑस्ट्रेलियात प्रत्येक क्लबला खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा असते, म्हणजे श्रीमंत क्लबने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत. त्या वर्षी बुलडॉग्ज सलग १७ सामने जिंकून तक्त्यात सर्वात वर होते. ऑगस्टमध्ये उघड झालं की क्लबने ही मर्यादा ओलांडून पैसे दिले होते. शिक्षा म्हणून तक्त्यातले ३७ गुण कापले गेले आणि ५ लाख डॉलरचा दंड झाला. पहिल्या क्रमांकावरचा संघ थेट शेवटच्या क्रमांकावर. घोटाळा कारभाऱ्यांचा होता, पण मैदानात मान खाली घालायची वेळ खेळाडूंवर आली.

एल मसरी तिथेच राहिले. २००३ मध्ये त्यांनी सलग ३५ किक न चुकता मारल्या. २००४ मध्ये १६ ट्राय आणि १३९ किक, म्हणजे एका हंगामात ३४२ गुण, हाही विक्रमच. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला अंतिम सामन्यात बुलडॉग्जने सिडनी रूस्टर्सला १६-१३ असं हरवलं. त्या १६ पैकी एक ट्राय आणि दोन किक एल मसरींच्या होत्या, म्हणजे आठ गुण. निम्मे!

२००८ मध्ये पुन्हा वाईट दिवस आले. संघ शेवटचा आला. याच हंगामात सनी बिल विल्यम्स हा तरुण स्टार पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून, क्लब सोडून फ्रान्सला गेला. त्याने पुढे इस्लाम स्वीकारला, आणि २०१३ मध्ये रूस्टर्सकडून विजेतेपदही मिळवलं. म्हणजे जो गेला त्याचं वाटोळं झालं, असं अजिबात नाही. व्यावसायिक खेळाडूची कमाईची वर्षं मोजकी असतात. आयपीएलच्या लिलावात खेळाडू संघ बदलतात, त्यांना कुणी बेइमान म्हणत नाही. पण राहण्यातून जे मिळतं ते निराळंच असतं.

शेवटचा हंगाम

२००९ च्या सुरुवातीला एल मसरींनी अँड्र्यू जॉन्स यांचा २१७६ गुणांचा विक्रम मागे टाकला. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ त्या हंगामात तक्त्यात दुसरा आला. अंतिम फेरीच्या एक पायरी आधी पॅरामॅटाने त्यांना २२-१२ असं हरवलं. मैदानात ७४ हजारांहून जास्त लोक होते. तो त्यांचा शेवटचा सामना. निरोप विजेतेपदाने झाला नाही.

विक्रमही कायमचा राहिला नाही. २०१९ मध्ये मेलबर्न स्टॉर्मच्या कॅमेरॉन स्मिथने तो मोडला. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. स्मिथही आयुष्यभर एकाच क्लबकडून खेळला, आणि त्याच्याही क्लबला २०१० मध्ये पगार मर्यादेच्याच घोटाळ्यात जबर शिक्षा झाली होती. तोही तिथेच राहिला होता.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना मेहनत करा, सब्र ठेवा, असं रोज सांगतो. मुलं ऐकतात आणि विसरतात. त्यापेक्षा त्यांच्यासमोर हा हिशोब ठेवावा. ८९१ किक, प्रत्येकीचे गुण फक्त दोन. एका किकने कुणी मोठं होत नाही, आणि एक चुकली म्हणून कुणी संपतही नाही. पुढच्या वेळी चेंडू पुन्हा ठेवायचा असतो. घरातलं मूल पहिल्या चाचणीत मागे पडलं, किंवा संघात निवड झाली नाही म्हणून खेळ सोडतो म्हणालं, तर अम्मी-अब्बांनी त्याला जवळ बसवून ही बेरीज करायला लावावी. उत्तर त्याचं त्यालाच काढू द्या.