लॉग : एका ओंडक्याचा प्रवास

बँकेत पैसे भरायचे असोत, रेल्वेचे तिकीट काढायचे असो की मुलांचा निकाल पाहायचा असो, आधी ‘लॉगिन’ करावे लागते. काम झाले की ‘लॉग आउट’. कोणी आपल्या प्रवासाबद्दल ‘ब्लॉग’ लिहितो, तर वैमानिकाच्या पिशवीत आणि जनरेटरच्या खोलीत खिळ्याला टांगलेले ‘लॉगबुक’ असते. या सगळ्या शब्दांत जो ‘लॉग’ आहे, तो इंग्रजीतला अगदी साधा, घरगुती शब्द. त्याचा अर्थ लाकडाचा ओंडका. शेकोटीत घालतात तो. ओंडक्याचा आणि पासवर्डचा संबंध काय, हा प्रश्न मला बराच काळ खुणावत होता. त्याचे उत्तर शोधायला जमीन सोडून समुद्रावर जावे लागते.

सुरुवातीलाच दोन तोतये बाजूला करू. गणितातल्या लॉगॅरिदमचा ‘लॉग’ आपल्या कुळातला नाही. जॉन नेपियरने १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वापरलेला तो शब्द ‘लोगोस’ आणि ‘अरिथ्मोस’ या ग्रीक शब्दांची जोड आहे. मराठीत आपण त्याला ‘लघुगणक’ म्हणतो. ध्वनी इतका चपखल जुळतो की हे भाषांतर आहे हे विसरायला होते. ‘डायलॉग’ आणि ‘कॅटलॉग’ यांतला ‘लॉग’ही ग्रीकच. लॉगिनमधला लॉग मात्र ग्रीक विद्वत्तेचा नाही, तो जंगलातून आलेला आहे.

शिडांच्या जहाजावरच्या खलाशाला दोन गोष्टी सतत माहीत हव्या असत : आपण कोणत्या दिशेला चाललो आहोत आणि किती वेगाने. दिशा होकायंत्र सांगे. वेग सांगणारे काही नव्हते. भर समुद्रात ना झाड, ना टेकडी, ना मैलाचा दगड. १४९२ साली कोलंबसने अटलांटिक ओलांडला, तेव्हा वेगाचा अंदाज तो पाण्याकडे पाहून, अनुभवाच्या जोरावर करत होता. एक साधी युक्ती मात्र सुचण्यासारखी होती. नाळेजवळून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि तो पिछाडीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो ते मोजायचे. लाकूड जवळपास जागेवरच राहते, पुढे सरकते ते जहाज. जहाजाची लांबी ठाऊक असेल, तर वेग निघतो.

इंग्रज खलाशांनी त्या लाकडाला दोरी बांधली. विल्यम बोर्न याने १५७४ साली छापलेल्या ‘अ रेजिमेंट फॉर द सी’ या नौकानयनाच्या पुस्तकात या साधनाचे वर्णन आहे. पुढे त्याला ठरावीक आकार आला. पावभाग वर्तुळासारखी कापलेली पातळ फळी, तिच्या गोल कडेला शिसे बसवलेले, म्हणजे ती पाण्यात उभी राहावी आणि ओढली जाऊ नये. फळीला दोरी, दोरी फिरकीवर गुंडाळलेली आणि दोरीवर ठरावीक अंतराने गाठी. एकाने फिरकी धरायची, दुसऱ्याने वाळूचे घड्याळ आणि तिसऱ्याने फळी पिछाडीवरून पाण्यात सोडायची. वाळू संपेपर्यंत किती गाठी हातातून निसटल्या, ते मोजायचे. पाच गाठी गेल्या तर जहाजाचा वेग पाच. म्हणूनच समुद्रावरच्या वेगाचे एकक ‘नॉट’, म्हणजे गाठ. आपल्या हवामान खात्याच्या निकषांनुसार वाऱ्याचा वेग ३४ नॉटवर पोहोचला की खोल कमी दाबाच्या पट्ट्याला चक्रीवादळ म्हणतात. त्या ३४ मागे ही दोरीच आहे.

गाठींमधले अंतर किती ठेवायचे, यावर बराच काळ वाद होता. सुरुवातीला मैल ५००० फुटांचा धरून ३० सेकंदांच्या घड्याळाला सुमारे ४२ फुटांवर गाठ मारत. रिचर्ड नॉरवुड या गणितज्ञाने लंडन ते यॉर्क हे अंतर जमिनीवर मोजून काढले आणि १६३७ च्या पुस्तकात दाखवून दिले की अक्षांशाच्या एका मिनिटाचे अंतर त्याहून बरेच जास्त, ६१२० फुटांच्या आसपास आहे. म्हणजे जुनी दोरी जहाजाचा वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत होती. जुनी सवय सहजासहजी सुटली नाही. पुढे २८ सेकंदांचे घड्याळ आणि ४७ फूट ३ इंचांवर गाठ अशी जोडी रूढ झाली. आजचा सागरी मैल १८५२ मीटरचा आहे. २८ सेकंदांना भागून पाहा, एका गाठीला १४.४ मीटर येतात, म्हणजे तेच ४७ फूट ३ इंच. कागदावर साधे त्रैराशिक, पण ते चुकले तर जहाज खडकावर.

इथपर्यंत ‘लॉग’ म्हणजे लाकूडच होते. आता शब्दाने पहिली उडी घेतली. दर तासाला किंवा दोन तासांनी ‘लॉग टाकला’ की आलेला आकडा कुठेतरी लिहावा लागे. त्यासाठी बिजागरीने जोडलेल्या दोन काळ्या फळ्या असत, पुस्तकासारख्या उघडमीट होणाऱ्या. त्यावर खडूने रकाने : तास, गाठी, वाव, दिशा, वारा, शेरा. (‘वाव’ हे माप आपल्या कोळ्यांना आणि विहिरी खणणाऱ्यांना नवे नाही. दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर. इंग्रजीतला ‘फॅदम’ही मुळात तेवढाच.) दिवसाअखेर फळीवरचा मजकूर शाईने वहीत उतरवायचा आणि फळी पुसायची. त्या फळीला म्हणत लॉग-बोर्ड आणि त्या वहीला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लॉग-बुक. पुढे ‘बुक’ गळाले आणि वहीलाच ‘लॉग’ म्हणू लागले. पाण्यात पडणारे लाकूड कागदावर चढले ते असे.

मग तो शब्द क्रियापद झाला. ‘टू लॉग’ म्हणजे वहीत नोंद करणे. या क्रियापदाला धारही होती. ब्रिटनमध्ये १८५० च्या कायद्याने व्यापारी जहाजांवर सरकारी नमुन्याची नोंदवही सक्तीची झाली. खलाशाने दारू पिऊन गोंधळ घातला, कामावर आला नाही, तर कप्तान ते या वहीत लिही आणि त्याचा पगार कापला जाई. खलाशाला ‘लॉग केले’ याचा अर्थ त्याला दंड झाला. वही आता नुसती वेगाची राहिली नव्हती, ती न्यायालयात चालणारा पुरावा झाली होती.

पुराव्याचे हे वजन किती असते, याचे एक करुण उदाहरण १९६९ चे आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इंग्रज गृहस्थ एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी निघाला. बोट साथ देईना. तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि रेडिओवर मात्र खोट्या जागा कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची बोट रिकामी सापडली. जगाला फसवता आले असते, पण बोटीवर वह्या राहिल्या होत्या. त्या वह्यांवरूनच तो खरोखर कुठे कुठे होता आणि त्याचे मन कसकसे ढासळत गेले, ते कळले.

या वह्यांचा एक उपयोग त्या लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. फ्रान्सिस बोफर्टने वाऱ्याचा जोर आकड्यांत सांगण्याची पद्धत बसवली आणि १८३८ पासून ब्रिटिश नौदलाच्या नोंदवह्यांत ती बंधनकारक झाली. म्हणजे समुद्राच्या मधोमध, जिथे एकही हवामान केंद्र नव्हते, तिथे रोज वाऱ्याची नोंद होत राहिली. ब्रिटिश, डच, स्पॅनिश आणि फ्रेंच जहाजांच्या १७५० ते १८५० च्या काळातल्या नोंदी एकत्र करून संशोधकांनी जुन्या हवामानाची माहितीपेढी उभारली आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमात तर सामान्य माणसांनी घरबसल्या पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या वह्या वाचून उतरवून काढल्या. अक्षर लावत बसणाऱ्या आपल्या मोडी वाचकांना हे काम ओळखीचे वाटेल.

दुसरी मोठी उडी संगणकाची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी यंत्रणा तयार केली. तिच्या १९६३ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ‘लॉगिन’ आणि ‘लॉगआउट’ या आज्ञा आहेत. संगणकाचा वेळ तेव्हा सोन्याच्या मोलाचा. कोण आला, कधी आला, किती वेळ वापरला आणि कधी गेला, याचा हिशेब ठेवावाच लागे. लॉगिन म्हणजे आत शिरणे नव्हे, आत शिरल्याची वहीत नोंद होणे. त्यानंतर यंत्रे स्वतःच नोंदी लिहू लागली. त्या फायलींनाही ‘लॉग’च म्हणतात.

तिसरी उडी छोटी. जॉर्न बार्गर या अमेरिकी लेखकाने डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या संकेतस्थळाला ‘वेबलॉग’ म्हटले. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने गमतीने तो शब्द ‘वी ब्लॉग’ असा तोडला आणि ‘ब्लॉग’ सुटा झाला. आता तर ओंडक्याच्या डोक्यावर ‘वेब’चा नुसता ‘ब’ उरला आहे.

इतर भाषांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. जर्मन आणि डच भाषांनी इंग्रजी शब्दच घेतला. फ्रेंचांनी साधनाला ‘लॉक’ म्हटले, वहीला मात्र ‘जहाजावरची रोजनिशी’ असा आपला शब्द ठेवला. स्पॅनिशची वाट सर्वांत निराळी. तिथे नोंदवही होकायंत्राच्या पेटीत ठेवत. त्या पेटीचे नाव ‘बिताकोरा’, मूळ लॅटिन अर्थ छोटे घर. पेटीचे नाव वहीला लागले आणि पुढे ब्लॉगलाही स्पॅनिशमध्ये ‘बिताकोरा’ म्हणू लागले. एका भाषेत ओंडका, दुसरीत पेटी. दोघेही निघाले जहाजावरून आणि पोहोचले एकाच ठिकाणी.

मराठीत ब्लॉगला ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ असे शब्द सुचवले गेले. मला दुसरा अधिक आवडतो. ‘रोजनिशी’तले ‘निशी’ म्हणजे रात्र नव्हे. ते फारसी ‘नविसी’चे, म्हणजे लेखनाचे, मराठी रूप. चिटणीस, फडणीस, पारसनीस यांतला ‘नीस’ही त्याच घरचा. म्हणजे जालनिशीत नोंद ठेवण्याचा अर्थ आपोआप आला. तरी दोन्ही शब्द मागे पडले आणि ‘ब्लॉग’ टिकला. त्याचे मला दुःख नाही, लोकांच्या जिभेवर कोणाची सक्ती चालत नाही.

‘लॉगिन’चे मात्र तसे नाही. बहुतेक मराठी संकेतस्थळांवर त्याचे भाषांतर ‘प्रवेश करा’ असे असते. हा शब्द सोपा आहे, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. दार उघडल्याचे सांगतो, दाराशी कोणी वही घेऊन बसल्याचे सांगत नाही. मराठी विकिपीडियावर ‘सनोंद प्रवेश’ असा शब्द वापरला गेला आहे. कानाला थोडा सरकारी वाटतो, पण मूळ शब्दाशी इतका प्रामाणिक पर्याय मला दुसऱ्या कोणत्या भाषेत आढळला नाही.

हा शब्दांचा कीस वाटेल, पण आज प्रश्न खरा आहे. जहाजावरची वही माणूस लिही, तिच्याखाली त्याची सही असे आणि ज्याच्याविरुद्ध नोंद झाली त्या खलाशाला ती वाचून दाखवावी लागे. आज आपल्याविषयीची वही यंत्र लिहिते आणि आपल्याला ती दिसतही नाही. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेने भारतातल्या सेवापुरवठादारांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला. गुन्हा घडला तर त्याच नोंदी कामी येतात, हे खरे. पण खलाशाला मिळणारा हक्क, आपल्याविषयी काय लिहिले ते ऐकण्याचा आणि त्यावर उत्तर देण्याचा, तो या नव्या वहीसोबत आपसूक आलेला नाही. तो मागायचा असेल, तर आधी वही आहे हे कळायला हवे. ‘सनोंद’ या तीन अक्षरांत तेवढे कळते. म्हणून पडद्यावर हा शब्द दिसावा, असे मला वाटते.