अल्पमात्रेतील प्रतिजैविके व जंतूंचा परस्परसंवाद

सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या वैद्यकीय इतिहासात क्षयरोगाला मोठे स्थान आहे. पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम १९१२ साली निघाले; मिरजेजवळ वानलेसवाडी येथेही क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. परंतु क्षय बरा झाला म्हणजे फुप्फुस पूर्ववत् होतेच असे नाही. कित्येकांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, त्यांत कफ साचतो आणि जंतू ठाण मांडतात. भारतातील ३१ केंद्रांमधील अशा २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत ३५.५ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ क्षयात आढळले, आणि कफात सर्वाधिक आढळलेला जंतू होता स्यूडोमोनास एरुजिनोझा.

या जंतूची प्रत्येक पेशी संदेशवाहक रेणू बाहेर सोडीत असते. पेशींची दाटी वाढली की रेणूंचे प्रमाण वाढते आणि विशिष्ट मर्यादेपलीकडे ते ठराविक जनुकांना चालना देतात. गणपूर्तीवाचून सभेचे कामकाज सुरू होत नाही, तसाच हा प्रकार होय. गणपूर्ती होताच ऊतकांचा नाश करणारी विकरे व विषद्रव्ये सर्व पेशी एकदमच स्रवू लागतात.

अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या नेहमीच्या मात्रेने हा जंतू मरत नाही. तथापि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, दर मिलिलिटरला अवघे २ मायक्रोग्रॅम औषध असता, दोन प्रमुख संदेशरेणूंपैकी एकाचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर, तर दुसऱ्याचे २८ टक्क्यांवर उतरले. हे औषध रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मितीत अडथळा आणते. संदेशरेणू घडविणाऱ्या विकरांची जनुकेही दबली जातात. जंतू जगतो, पण त्याची गणपूर्ती होत नाही.

न्यूझीलंडमध्ये १४१ रुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून तीनदा ५०० मिलिग्रॅम याप्रमाणे सहा महिने हे औषध दिल्याने रोगाचे उद्रेक घटले. मात्र सारे श्रेय संवादभंगाला देता येत नाही. हे औषध रुग्णाच्या शरीरातील दाहही शमविते.

येथेच सावधगिरीची गरज आहे. क्षयजंतूंच्या जातकुळीतील काही अन्य जंतूही अशा फुप्फुसांत घर करतात, आणि त्यांवरील उपचारांचा मुख्य आधार याच वर्गातील औषधे होत. निदानाआधी हे औषध एकटेच दिल्यास ते जंतू त्याला दाद देईनासे होतात. म्हणून प्रथम कफाची तपासणी, तसेच श्रवणशक्ती व हृदयगती यांची परीक्षा, आणि मगच दीर्घकालीन अल्पमात्रा, हा क्रम मोडता कामा नये.