खटखट आली की शॉकअपच गेले?

काशिमिरा ते गोल्डन नेस्ट या पट्ट्यात कुणाच्याही गाडीतून खटखट येऊ लागली की निदान आधीच ठरलेलं असतं: "शॉकअप गेले." शेजारी तेच सांगतात आणि बऱ्याच गॅरेजमध्ये गाडी वर न घेताच तेच ऐकवलं जातं. मग पुढचे दोन्ही शॉकअप बदलले जातात, हजारो रुपये जातात, आणि गायमुख घाटाच्या पहिल्याच खड्ड्यात पुन्हा तीच खटखट. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता संताप येतो, कारण हा खर्च बऱ्याचदा टाळता येतो.

शॉकअप नेमकं करतो काय? गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा गेल्यावर स्प्रिंग वरखाली होत राहते. ती हालचाल आतल्या तेलाच्या जोरावर शमवणं हे शॉकअपचं काम. म्हणून तो कमजोर झाला की गाडी डोलते. स्पीडब्रेकर ओलांडल्यावरही हेलकावे थांबत नाहीत, ब्रेक मारताच पुढचा भाग खाली दबतो, टायर जागोजागी झिजतो, शॉकअपच्या नळीवर तेलाचे ओघळ दिसतात. यातलं काहीच नसताना नुसती खटखट असेल, तर आधी दुसरीकडे बघा. शॉकअपचा वरचा नट सैल झाला की आवाज येतो हे खरं, पण नट आवळायला शॉकअप बदलावा लागत नाही.

पहिला संशय घ्यायचा तो लिंक रॉडवर. साधारण वीतभराची दांडी, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट. डावं-उजवं चाक जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारचं टोक ती शॉकअपला किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मला बांधते. एक चाक वर उचललं गेलं आणि दुसरं जागेवर राहिलं की बार पिळला जातो आणि तो ताण थेट लिंक रॉडवर येतो. आता आपले रस्ते आठवा. मेट्रो ९ च्या कामात उकरून पुन्हा बुजवलेले पट्टे, बसलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीखाली गेलेली गटाराची झाकणं: सगळे धक्के एकाच बाजूच्या चाकांना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. गेटसमोर ठोकलेल्या अरुंद रबरी पट्ट्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि त्यांचा झटका सस्पेन्शनचे रबरी बुश आणि जॉइंटच सोसतात.

निदानाची सुरुवात तुम्ही स्वतः करू शकता. काचा खाली, गाणी बंद, वेग वीसच्या आत. आधी रस्त्याच्या पूर्ण रुंदीच्या स्पीडब्रेकरवरून सरळ जा. दोन्ही चाकं एकदम चढतात, त्यामुळे बार फारसा पिळत नाही. मग फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूची चाकं उथळ खड्ड्यातून न्या. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी हलकी, झटपट टकटक, तर लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझरचे बुश तपासायला सांगा. दोन्ही वेळा जड 'धप्प' आलं तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकअपचं वरचं माउंटिंग. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना टकटकटक येत असेल तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटला की रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं.

गॅरेजमधली एक चूक मात्र डोळ्यांत तेल घालून टाळा. दोन्ही चाकं हवेत लोंबकळत असताना लिंक रॉडवरचा ताण जातो आणि ढिलेपणा लपतो. मेकॅनिकला चाकं जमिनीवर असताना लिंक रॉडला हात लावायला सांगा आणि दुसऱ्याला गाडी डावी-उजवीकडे हलवू द्या. झिजलेला जॉइंट बोटांना कळतो. लोअर आर्म टॉमी (लोखंडी दांडा) लावून हलवून बघायचा. भाग बदलला तर जुना मागून घ्या. त्याचा बॉल निर्जीवपणे लुळा पडत असेल, तर दुखणं तिथेच होतं. लिंक रॉडच्या जोडीचा खर्च शॉकअपच्या जोडीपुढे किरकोळ असतो.

"इथेनॉलच्या पेट्रोलमुळे इंजिन ठोकतं" हाही खटखटीबद्दलचा सध्याचा लाडका समज. पेट्रोलियम मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२५ च्या स्पष्टीकरणानुसार इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८.५ आहे, आणि ऑक्टेन जितका जास्त तितकं इंजिनचं ठोकणं कमी. मायलेजची तक्रार वेगळी आणि रास्त: नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या रचनेच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलंय. आवाज इंजिनचा की खालचा, हे ठरवायला गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. तरीही ठोकतंय आणि रेसबरोबर वाढतंय, तर इंजिन बंद करून ऑइल तपासा. तशीच चालवू नका.

अलाइनमेंट केल्याने खटखट जात नाही. ते चाकांचे कोन जुळवतं, ढिला जॉइंट घट्ट करत नाही.

बुशवर खनिज तेल फवारलं की आवाज दबतो खरा, पण त्या तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

"चालतेय ना, चालू दे" हा समज सर्वांत घातक. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं, आणि हायवेवर तो प्रसंग जिवावर बेततो. टायर बदलल्यानंतर लगेच खटखट सुरू झाली असेल, तर बाकी काही शोधण्याआधी गाडी बाजूला घ्या आणि चाकाचे नट पान्याने आवळा.