सूर्य मावळल्यानंतरची लाली

रोजच्या सूर्यास्ताची लाली ही हवेच्या रेणूंची किमया असते. मावळतीच्या किरणांना वातावरणातून फार लांबचा पल्ला कापावा लागतो, त्या वाटेत निळा प्रकाश चहूकडे विखुरला जातो, ज्याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात, आणि डोळ्यांपर्यंत पोहोचतो तो प्रामुख्याने तांबडा व नारिंगी प्रकाश. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकानंतरची लाली मात्र निराळी असते, कारण ती सूर्य दिसेनासा झाल्यावर, अंधार पडू लागण्याच्या सुमारास चढते.

या रंगांचे श्रेय सहसा राखेला दिले जाते, पण ते फारसे खरे नाही. राखेचे जाड कण लवकरच खाली बसतात. खरे काम करतो तो उद्रेकातून बाहेर पडणारा सल्फर डायऑक्साइड वायू. हा वायू स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या व पावसाच्या थराच्या वर असलेल्या शांत, कोरड्या थरात पोहोचला की त्याचे गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर होते, आणि त्यांना धुऊन काढणारा पाऊस तेथे नसल्यामुळे ते वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ तरंगत राहतात. सूर्यास्तानंतर जमीन आणि खालची हवा सावलीत गेली, तरी सुमारे २० किलोमीटर उंचीवरील या पडद्यावर तांबडा प्रकाश पडतच असतो. थेंब तो खाली विखुरतात, त्यात वरच्या हवेतील निळा प्रकाश मिसळतो आणि पश्चिमेकडे जांभळट झळाळी पसरते. शहरावरचा धूर आणि धुरळा मात्र खालच्या हवेतच साचून राहत असल्याने सूर्यास्त उलट मळकट करतो.

जावा आणि सुमात्रा यांमधील क्राकाटोआचा उद्रेक २६ व २७ ऑगस्ट १८८३ रोजी झाला, ज्यात मुख्यतः समुद्राच्या लाटांमुळे ३६,००० हून अधिक माणसे दगावली. सप्टेंबरमध्ये श्रीलंका आणि मद्रास इलाख्यात सूर्य चक्क हिरवा दिसला, कारण कण ठरावीक आकाराचे व बरेचसे एकसारखे असले तर ते निळ्यापेक्षा तांबडा प्रकाशच अधिक अडवतात. नोव्हेंबरअखेर अमेरिकेतील पकीप्सी व न्यू हेवन येथे तर, क्षितिजापाशी मोठी आग लागली असे समजून अग्निशामक बंब बाहेर काढण्यात आले.

या रंगांची सर्वांत चिकाटीची नोंद लंडनमधील चेल्सी येथे, थेम्सकाठी झाली. विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार रंगीत खडूंनी काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक कागद रंगवत असे, आणि अशी ५०० हून अधिक चित्रे त्याने काढली. २६ नोव्हेंबर १८८३ च्या त्याच्या चित्रमालिकेत सूर्य मावळून तास उलटल्यावरही आकाशात लाली टिकून आहे. रंगीत छायाचित्रण व्यवहारात येण्यापूर्वीच्या त्या काळात रंगांची प्रत्येक छटा हातानेच टिपावी लागे, आणि म्हणूनच रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये क्राकाटोआवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या आरंभी ॲस्क्रॉफ्टची चित्रे छापली.